सदृशीकरण, यंत्रमानवविद्येतील

एखादे यंत्र, वस्तू किंवा घटना यांचे वर्तन प्रत्यक्षात न घडविता त्यांच्या प्रतिकृतीच्या साहाय्याने घडवून पाहणे, यास सदृशीकरण असे म्हणतात. व्यवहारात यासाठी सिम्युलेशन हाच शब्द अधिक रूढ आहे. ही प्रतिकृती लाकडाची वा मातीची असू शकते, तशीच ती केवळ गणिती समीकरणांचीही असू शकते. दुसऱ्या प्रकारात समीकरणे सोडविण्याचे काम संगणक करतो व उत्तर पडद्यावर हलत्या चित्राच्या रूपाने दाखवितो. यंत्रमानवविद्येत सदृशीकरणाला विशेष स्थान आहे. यंत्रमानव महाग असतो, तो पडला तर मोडतो आणि तो चालविण्यास लागणारी जागा सर्वांजवळ नसते. म्हणून यंत्रमानवाला द्यावयाच्या आज्ञा आधी संगणकातील त्याच्या प्रतिरूपाला देऊन पाहावयाच्या व त्या बरोबर ठरल्यावर मगच प्रत्यक्ष यंत्राच्या हवाली करावयाच्या, अशी पद्धत जगभर रूढ झाली आहे. यंत्रमानव या मराठी शब्दामुळे मानवाकृतीचा भास होतो. परंतु चाकांवर चालणारी पेटी, कारखान्यातील एकटा हात किंवा उडते ड्रोन यांचाही त्यात समावेश होतो. रोबॉट हा मूळ शब्द चेक लेखक कारेल चापेक (१८९०–१९३८) यांच्या १९२० मधील नाटकातून जगभर गेला व त्याचा संबंध वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दाशी आहे. मानवी आकृतीपेक्षा काम करवून घेण्याची कल्पनाच त्यात मुख्य आहे.

पूर्वपीठिका : प्रत्यक्षाआधी तालीम घेण्याची यांत्रिक साधने संगणकापेक्षा जुनी आहेत. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांच्या शिक्षणासाठी जमिनीवरच डोलणारे एक छोटे विमान तयार केले. लिंक यांच्या घराण्याचा व्यवसाय ऑर्गन व पियानो बनविण्याचा होता. त्यातील हवेचे भाते त्यांनी या विमानाला हालविण्यासाठी वापरले. प्रारंभी जत्रेतील करमणूक म्हणून पाहिले गेलेले हे साधन दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा आधार बनले. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९४४ मध्ये सुरू झालेला ‘व्हर्लविंड’ प्रकल्पही मुळात विमानाच्या सदृशीकरणासाठीच होता. विमानाच्या प्रतिसादाला उशीर झाला तर तालीम निरर्थक ठरते, या अडचणीतून तत्काळ उत्तर देणारा संगणक घडविण्याची गरज पुढे आली. त्याच दशकात स्टॅनिस्लाव्ह उलम आणि जॉन फोन नॉयमन यांनी यदृच्छ संख्यांवर आधारलेली माँटे कार्लो पद्धती मांडली. नॉर्वेत ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६० नंतरच्या दशकात सदृशीकरणासाठी ‘सिम्युला’ ही भाषा रचली. पुढे सर्वसामान्य संगणकलेखनात आलेल्या अनेक कल्पनांचे मूळ या भाषेत सापडते. सदृशीकरण हे संगणकाचे एक फुटकळ उपयोजन नसून संगणकाच्या घडणीतच त्याचा हात आहे, असे या इतिहासावरून म्हणता येते.

कासवाची परंपरा : शिक्षणातील यंत्रमानवाचा इतिहास कासवापासून सुरू होतो. ब्रिस्टल येथील तंत्रिकाशास्त्रज्ञ डब्ल्यू. ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये प्रकाशाकडे आपणहून सरकणारी व अडथळा लागताच वळणारी दोन छोटी यंत्रे तयार केली. त्यांच्यावर कवच असल्याने त्यांना कासवे म्हटले गेले. पुढे १९६७ मध्ये वॉली फॉइरझाइग, सीमोर पॅपर्ट (१९२८–२०१६) व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली आणि काही काळातच तिच्या आज्ञा पाळणारे यांत्रिक कासव जमिनीवर फिरू लागले. ‘शंभर पुढे, नव्वद उजवीकडे’ अशा आज्ञा चार वेळा दिल्या, की कासवाच्या पोटातील लेखणीने कागदावर चौकोन उमटत असे. यंत्र महाग असल्याने तेच कासव लवकरच पडद्यावर आले. पडद्यावरचे कासव म्हणजे जमिनीवरच्या कासवाचे सदृशीकरण होय. यंत्रमानवविद्येच्या शिक्षणातील हे बहुधा पहिले मोठे सदृशीकरण ठरते. कासव कोठे वळेल हे समजत नसेल, तर मुलाने स्वतः उठून ती आज्ञा चालून पाहावी, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. म्हणजे संगणकातील प्रतिरूप, जमिनीवरील यंत्र व मुलाचे स्वतःचे शरीर अशा तीन ठिकाणी एकच आज्ञा पारखली जाई. आजच्या कार्यशाळांमध्ये यांपैकी तिसरी पायरी जवळजवळ लोपली आहे, ही खेदाची गोष्ट आहे. तिला खर्च काहीच नव्हता.

कासवाचे हे बोधचिन्ह पुढेही टिकले. रिचर्ड पॅटिस यांनी १९८१ मध्ये स्टॅनफर्ड येथे क्रमादेशन शिकविण्यासाठी पडद्यावरील यंत्रमानव रचून चापेक यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘कारेल’ ठेवले, हा एक अपवाद. परंतु आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या रॉस या यंत्रमानव-प्रणालीतील पहिला धडा ‘टर्टलसिम’ या पडद्यावरील कासवाचाच असतो आणि त्या प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीला इंग्रजी वर्णानुक्रमाने एखाद्या कासवाचे नाव दिले जाते.

महाराष्ट्रातील वाटचाल : भारतात संपूर्ण देशी बनावटीचा पहिला मोठा इलेक्ट्रॉनीय संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. तो फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याची स्मृती ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या कार्यशाळेतील अगदी जुनाट संगणकाची स्मृतीही त्याच्या लक्षावधी पट भरते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गी पदार्थ जाड काचेआडून हाताळणारे यांत्रिक हात वापरले जाऊ लागले. मनुष्याने जाऊ नये अशा जागी यंत्र पाठविण्याची ही आपल्याकडील आद्य उदाहरणे होत. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. हव्या त्या क्षमतेचा महासंगणक अमेरिकेकडून मिळविण्यात आलेल्या अडचणी हे या प्रयत्नामागील एक प्रमुख कारण होते, आणि महासंगणक हवा होता तो वातावरणासारख्या विशाल गोष्टींच्या सदृशीकरणासाठीच.

विद्यार्थ्यांपर्यंत यंत्रमानव पोहोचला तो स्पर्धांच्या मार्गाने. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत १९९८ मध्ये सुरू झालेला ‘टेकफेस्ट’ हा विद्यार्थ्यांचा महोत्सव आणि आशियाई-प्रशांत प्रसारण संघाची २००२ पासूनची ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ मध्ये पुण्यात झाली, तेव्हा स्पर्धेचा विषय दहीहंडी हा होता. वेगवेगळ्या देशांच्या यंत्रांनी लोणी पळविण्याचा तो देखावा अनेकांच्या स्मरणात असेल. मात्र अशा स्पर्धेसाठी लागणारी चलित्रे, विद्युत् घट, पोलादी सांगाडे व सरावाचे मैदान यांचा खर्च मोठ्या महाविद्यालयांनाच पेलणारा होता. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा प्रेक्षकाची भूमिका येई.

ही दरी बुजविण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न म्हणजे मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील ‘ई-यंत्र’ हा प्रकल्प होय. केंद्र शासनाच्या शिक्षणविषयक माहिती-तंत्रज्ञान अभियानाच्या आधारे संगणकशास्त्र विभागातील प्राध्यापक कवी आर्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. महाविद्यालयांत यंत्रमानवविद्येच्या प्रयोगशाळा स्थापण्यास साहाय्य करणे, शिक्षकांसाठी प्रत्यक्ष कृतीच्या कार्यशाळा घेणे आणि २०१२ पासून विद्यार्थ्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरविणे, अशी त्याची कामे आहेत. सुरुवातीच्या वर्षांत ‘फायरबर्ड ५’ हा मुंबईतच विकसित झालेला चाकांचा यंत्रमानव निवडक संघांना पाठविला जाई. कोविड-१९ च्या साथीत, २०२०-२१ मध्ये, महाविद्यालये बंद असताना स्पर्धेचे निरीक्षक बॉट, सहायक बॉट व वितरण ड्रोन यांसारखे विषय संगणकातील सदृशीकरणावर चालविण्यात आले. ज्या विद्यार्थ्यांनी खरे ड्रोन कधी हातात धरले नव्हते, त्यांनी घरी बसून त्याचे तोल सांभाळणारे क्रमादेश लिहिले. याच संस्थेतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमाने लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिचित्रफितींच्या रूपाने उपलब्ध केले आहेत. पडद्यावरील शब्द इंग्रजीच राहतात, परंतु कानावर मराठी पडते. ही सोय वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

सदृशीकरणाची साधने : स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९९६ मध्ये ‘वेबॉट्स’ या आज्ञावलीचा आरंभ झाला, ती २०१८ मध्ये सर्वांना मुक्त करण्यात आली. झुरिक येथील ‘व्ही-रेप’ ही आज्ञावली २०१९ पासून ‘कोपेलियासिम’ या नावाने ओळखली जाते. सर्वाधिक प्रसार झाला तो मात्र ‘गॅझेबो’चा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू हॉवर्ड व नेट कोनिग यांनी २००२ मध्ये तिचे काम सुरू केले. इमारतीच्या आतील सपाट जमिनीवरचे सदृशीकरण तेथे आधीच होते. बाहेरच्या, चढउताराच्या भूमीसाठी नवे साधन हवे होते, आणि बागेतील मंडपावरून त्याला नाव मिळाले. २००७ पासून विलो गराज या अमेरिकन प्रयोगशाळेत ‘रॉस’ ही प्रणाली वाढली. संवेदकाकडून आलेली माहिती, चाकांना द्यावयाची आज्ञा, नकाशा इ. गोष्टी वेगवेगळ्या लहान क्रमादेशांकडे सोपवून त्यांच्यात निरोपांची देवाणघेवाण घडविणे, हे तिचे सूत्र होय. यामुळे निरोप खऱ्या चाकाकडे गेला काय किंवा गॅझेबोतील चाकाकडे गेला काय, पाठविणाऱ्या क्रमादेशाला फरक कळत नाही. कार्यशाळेच्या दृष्टीने हाच या जोडीचा खरा लाभ आहे.

या पद्धतीची मोठी परीक्षा २०१३ मध्ये झाली. फुकुशिमा येथील २०११ च्या अणुभट्टी-अपघातानंतर अमेरिकेच्या संरक्षण संशोधन विभागाने आपत्तीत काम करणाऱ्या यंत्रमानवांची स्पर्धा जाहीर केली व तिची एक फेरी जून २०१३ मध्ये संपूर्णपणे गॅझेबोत घेतली. तीत फ्लॉरिडातील आयएचएमसी या संस्थेचा संघ पहिला आला. २०१५ च्या प्रत्यक्ष अंतिम फेरीत तोच संघ दुसरा आला. तालमीतील गुण मैदानात बऱ्याच अंशी उतरले, असा याचा अर्थ. पण त्या मैदानात अनेक यंत्रमानव धडाधड कोसळले, हेही तितकेच खरे.

संगणकाची पूर्वतयारी : कार्यशाळेच्या यशापयशाचा निकाल बहुधा पहिल्या दिवसाआधीच लागलेला असतो. यंत्रमानवाविषयी काही शिकण्याआधी विद्यार्थ्याचा संगणक सिद्ध असावा लागतो आणि या सिद्धतेतच अनेकांचा उत्साह मावळतो. यातील मुख्य अडचण आवृत्त्यांची आहे. रॉस, गॅझेबो व त्यांच्या खालची उबुंटू ही प्रचालन प्रणाली यांची लग्नगाठ पक्की ठरलेली असते. उबुंटूच्या २०२० मधील आवृत्तीवर रॉसची ‘नोएटिक’ व गॅझेबोची ११ वी आवृत्ती चालत असे. २०२२ मधील उबुंटूवर रॉस २ ची ‘हंबल’ आणि २०२४ मधील उबुंटूवर ‘जॅझी’ ही आवृत्ती चालते. एका घरातील वस्तू दुसऱ्या घरात ठेवू गेल्यास सर्व बिघडते. जुन्या गॅझेबोची देखभाल जानेवारी २०२५ मध्ये व नोएटिकची मे २०२५ मध्ये थांबली. त्यामुळे महाविद्यालयांतून हातोहात फिरणाऱ्या जुन्या टिपणांतील आज्ञा नव्या संगणकावर जशाच्या तशा टाइप करणाऱ्याला न समजणाऱ्या त्रुटिसंदेशांखेरीज काही मिळत नाही. दोष त्याचा नसतो, टिपणाचा असतो. पण हे त्याला कोणी सांगत नाही आणि आपल्याला हा विषय जमत नाही, असा त्याचा ग्रह होतो. कार्यशाळेच्या टिपणावर प्रचालन प्रणालीची व रॉसची आवृत्ती आणि तारीख ठळकपणे छापणे हा यावरील साधा उपाय आहे.

बहुतेक विद्यार्थ्यांच्या संगणकावर विंडोज असते. त्याच्या शेजारी उबुंटू बसवावयाची तर साठवणीची तबकडी विभागावी लागते. यात सदृशीकरण सर्वांत वेगाने चालते, परंतु विभागणी करताना चूक झाल्यास घरातील छायाचित्रे व हिशेब यांसह सर्व पुसले जाण्याचा धोका असतो. संगणक कुटुंबात एकच असेल, तर हा धोका किरकोळ नव्हे. विंडोजच्या आतच आभासी संगणक निर्माण करून त्यात उबुंटू चालविणे सुरक्षित असते. मात्र एकाच यंत्राची स्मृती दोघांत वाटली जात असल्याने त्रिमितीय चित्र रखडते. तिसरा मार्ग म्हणजे आवश्यक ते सर्व एका बंद डब्यात भरून देणारी ‘डॉकर’सारखी पद्धत. आयोजकाने डबा एकदा नीट भरला, की सर्वांकडे तंतोतंत तीच सामग्री पोहोचते. परंतु डब्यातील चित्र पडद्यावर उमटविण्यासाठी वेगळी खटपट करावी लागते. नवख्यांच्या मोठ्या वर्गासाठी, वेग कमी असला तरी, आभासी संगणकच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सामग्री उतरवून घेण्याचा प्रश्नही लहान नाही. संपूर्ण संच काही गिगाबाइटचा होतो. चाळीस विद्यार्थी एकाच वेळी एकाच जोडणीवरून तो मागवू लागले, की सकाळचे सत्र त्यातच संपते. त्यामुळे अनुभवी आयोजक संच आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर किंवा प्रयोगशाळेतील एका संगणकावर ठेवतात व तेथून सर्वांना देतात. विजेचा भरवसा नसलेल्या गावी ही काळजी अपरिहार्य ठरते. स्थापनेच्या मध्येच वीज गेल्यास अर्धवट बसलेला संच पुढे कित्येक तास छळतो.

सर्व बसल्यानंतर तपासणीचा क्रम लहानापासून मोठ्याकडे जावा. प्रथम टर्टलसिममधील कासव कळफलकाच्या बाणांनी हलते का, ते पाहावे. ते हलले तर रॉसमधील निरोपव्यवस्था ठीक आहे, असे ठरते. मग गॅझेबोतील रिकामे जग उघडावे व त्यात एक ठोकळा वरून सोडावा. तो पडून स्थिरावला, म्हणजे गुरुत्वाकर्षण व टकरीचे गणित चालू आहे. त्यानंतरच चाकांचा यंत्रमानव आणावा. गॅझेबोच्या खिडकीच्या तळाशी प्रत्यक्ष काळाशी असलेले गुणोत्तर दिसते. गॅझेबो सर्वसाधारणपणे प्रत्येक सेकंदाचे हजार तुकडे करून प्रत्येक तुकड्यासाठी बले व वेग नव्याने मोजते. संगणकाला हे झेपले नाही, तर गुणोत्तर एकाहून खाली येते. ते ०.३ असेल, तर त्या जगातील एक सेकंद संपण्यास आपली तीन सेकंदांहून अधिक वेळ जातो. यंत्रमानव मंद वाटतो म्हणून विद्यार्थी त्याचा वेग वाढवितात आणि मग तो वळणावर उलटतो. छाया व पोत बंद करणे, कॅमेऱ्याची प्रतिमा लहान करणे आणि वस्तूंच्या टकरीसाठी साधे आकार वापरणे, एवढ्याने जुन्या संगणकावरही काम बरेच सुधारते.

लोणारचे उदाहरण : चढउताराच्या भूमीचे सदृशीकरण कसे होते, हे पाहण्यास बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उत्तम आहे. सु. १·८ किमी. व्यासाचे, काठापासून तळापर्यंत सु. १५० मी. खोल आणि भोवतालच्या सपाटीपासून २० ते ३० मी. उंच कड असलेले हे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. एकोणिसाव्या शतकात व त्यानंतरही दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे कार्य मानले जाई. जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखविले होते. परंतु उल्केच्या आघाताने ते झाले, हे मत निर्णायकपणे प्रस्थापित झाले ते कर्ट फ्रेड्रिक्सन व त्यांच्या भारतीय आणि अमेरिकन सहकाऱ्यांनी वेधनातून मिळालेल्या नमुन्यांच्या आधारे १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने. तीव्र धक्क्यानेच होऊ शकतील असे बदल त्या खडकांत आढळले. विवराच्या वयाविषयी मतभेद आहेत: तप्तदीपन पद्धतीने ते सु. ५२,००० वर्षे आले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-समस्थानिक मापनानुसार ते सु. ५,७०,००० वर्षे आहे. चंद्रावरील काळसर मैदाने व मंगळाचा मोठा भूभाग बेसाल्टचा आहे आणि बेसाल्टमधील आघातविवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. म्हणून ग्रहविज्ञानात लोणारचे महत्त्व त्याच्या आकाराच्या मानाने पुष्कळच मोठे आहे.

परग्रहावरील भूमीची पृथ्वीवर तालीम घेण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकन भूवैज्ञानिकांनी १९६७ मध्ये ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळ सुरुंग लावून चंद्राच्या छायाचित्राबरहुकूम विवरांचे शेत तयार केले व तेथे अपोलोच्या अंतराळवीरांचा सराव झाला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने चांद्रयान-२ साठी कर्नाटकातील चळ्ळकेरेजवळ कृत्रिम विवरे खोदली आणि चंद्राच्या मातीचा पर्याय म्हणून तमिळनाडूतील सित्तमपुंडी येथील अनॉर्थोसाइट खडकाचा चुरा वापरला. लोणार हे मात्र असे मोकळे मैदान नव्हे. २००० मध्ये त्यास वन्यजीव अभयारण्याचा व २०२० मध्ये रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला आहे. त्याच्या उतारावर जंगल, काठावर प्राचीन देवळे आणि तळाशी क्षारयुक्त सरोवर आहे. तेथे विद्यार्थ्यांनी यंत्रे फिरविणे इष्ट नाही. संगणकातील लोणारात मात्र कितीही यंत्रे कितीही वेळा घसरून पडली, तरी एक गवताची काडीही वाकत नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजण्यात आली. तिची सर्वांना खुली असलेली माहिती दर सु. ३० मी. अंतरावरील एका बिंदूची उंची देते. जुन्या गॅझेबोला भूमीसाठी चौरस जाळे लागते व त्याच्या एका बाजूवरील बिंदूंची संख्या २ च्या घातांकाहून एकाने अधिक असावी लागते. १२९ बिंदू घेतल्यास बाजू ३,८४० मी. होते, तीत संपूर्ण विवर व त्याभोवती फेकल्या गेलेल्या मलब्याचा बराचसा पट्टा बसतो. उंचीचे आकडे करड्या छटांच्या प्रतिमेत रूपांतरित केले, की पडद्यावर विवर उभे राहते. प्रथम पाहणारा त्यावर मोहून जातो.

परंतु हिशेब केल्यास या देखाव्याची मर्यादा कळते. ३० मी. अंतराने मोजल्यास विवराच्या व्यासावर अवघे ६० च्या आसपास बिंदू येतात. यंत्रमानवाची लांबी ३० सेंमी. धरली, तर लगतच्या दोन बिंदूंमध्ये असे शंभर यंत्रमानव ओळीने उभे राहतील. त्या अंतरात संगणक सरळ उतार काढून मोकळा होतो. तेथील दरडी, घळी व सुटे खडक त्याला ठाऊक नसतात. रडारचा किरण झाडीत अडतो, त्यामुळे जंगलाखालची जमीन आहे त्यापेक्षा उंच भासते. सरोवराचा पृष्ठभाग सपाट पत्र्यासारखा येतो आणि त्याखालचा चिखल गणितात येतच नाही. सुटे खडक वेगळे तयार करून आपणच अंथरावे लागतात.

घर्षणाची बाब याहून फसवी आहे. लगतच्या दोन बिंदूंत १५ मी. फरक असल्यास उतार सु. २७ अंशांचा होतो. अशा उतारावर चाके घसरू नयेत म्हणून घर्षणांक निदान ०.५ हवा. गॅझेबोत घर्षणांक वेगळा सांगितला नाही, तर तो १ धरला जातो. त्यावर, चलित्रात जोर असल्यास, ४५ अंशांचा उतारही चढता येतो. परिणामी विद्यार्थ्याचा यंत्रमानव लोणारचा कडा लीलया चढून जातो व त्याला आपला क्रमादेश उत्कृष्ट असल्याचे वाटते. भुसभुशीत मुरुमावर तेच चाक जागीच फिरत राहील. चांगला शिक्षक येथे घर्षणांक हळूहळू कमी करण्यास सांगतो आणि कोणत्या आकड्याला यंत्रमानव थांबतो, त्याचा आलेख काढून घेतो. त्यानंतर महाविद्यालयाच्या आवारातील मातीच्या ढिगावर खरे चाक चालवून तो आकडा ताडून पाहता येतो. हा एक तास सर्व कार्यशाळेचा गाभा होय. पडद्यापुरती राहिलेली कार्यशाळा अपुरी असते, तशीच सदृशीकरणाशिवाय थेट यंत्रे वाटणारी कार्यशाळाही दोन तासांत जळालेल्या चलित्रांवर थांबते.

प्रत्यक्ष मोहिमांतही हाच अनुभव येतो. मंगळावरील ‘स्पिरिट’ हे वाहन २००९ मध्ये मऊ मातीत रुतले. कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत वाळूच्या हौदात त्याचा जुळा भाऊ मुद्दाम रुतवून व संगणकावर गणिते करून सुटकेचे मार्ग शोधले गेले. ते वाहन मात्र सुटले नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरले व त्यातील २६ किग्रॅ. वजनाचे, सहा चाकांचे ‘प्रज्ञान’ वाहन चालू लागले. २७ ऑगस्ट रोजी त्याला ३ मी. अंतरावर ४ मी. व्यासाचे एक विवर आढळले. व्यासाने ते लोणारच्या साडेचारशेव्या भागाएवढे होते. बंगळूरहून आज्ञा गेली, प्रज्ञान आल्या वाटेने मागे फिरले आणि दुसऱ्या मार्गाने पुढे निघाले.